नणंदेने आणलेल्या कॅप्सूल

पंडरीच्या कापड बाजारातल्या आमच्या ठोक साड्यांच्या दुकानात गादीवर नवरा बसायचा, पण गिऱ्हाईक बोलायचं माझ्याशी. धमतरीच्या दुकानदाराला कोणता काठ लागतो, कोणाच्या गावात कोणता रंग पडून राहतो, हे मला तोंडपाठ असे. नवरा कौतुकाने सांगायचा, "हिच्या डोक्यात अख्खं गोडाऊन हाय."

मग स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. केस जातील हे सगळ्यांनी सांगितलं होतं, शब्द जातील हे कोणीच सांगितलं नव्हतं. दोन केमोंच्या मध्ये बरं वाटायचं तेव्हा मी दुकानात जायचे. अशाच एका दुपारी जुन्या गिऱ्हाइकापुढे मी साडी धरली आणि तिचं नाव आठवेना. बोटांना पोत कळत होता, डोळ्यांसमोर रेशमाचे कोष दिसत होते. "ते... किड्यांचं असतं ना," मी म्हणाले. गिऱ्हाईक हसलं. नवऱ्याने माझ्या हातातून साडी घेतली आणि म्हणाला, "कोसा है, भैया." वर मला म्हणाला, "तू आता घरीच राहत जा."

त्याने हे आपल्या मोठ्या बहिणीला सांगितलं असणार, कारण दोनच दिवसांत ताई ब्राह्मणपाऱ्यातल्या घरून पिशवी घेऊन आल्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या एका कंपनीच्या कॅप्सूल विकायच्या. त्या कंपनीची सभा त्यांच्याच बैठकीत भरे, आणि बायका त्यांना वैद्य समजत. त्यांनी टेबलावर डबे मांडले. एक स्मरणशक्तीचा, एक हळदीच्या अर्काचा, एक अश्वगंधेचा, आणि एक नुसताच 'ब्रेन'चा.

"डॉक्टरांना विचारते आधी," मी म्हणाले.

"काहून? मी का जहर देऊन राहिली का तुले? जडीबुटी हाय. डॉक्टर लोकायले हे पटतच नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताई इतक्या प्रेमानं आणून राहिली, घे ना."

मी घेतल्या. सकाळी, दुपारी, झोपताना. शब्द काही परत आले नाहीत. तोंड कडू झालं, मळमळ वाढली, आणि सगळे म्हणाले की केमोमुळे असं होतंच.

पुढच्या केमोआधी रक्त तपासलं, तर लिव्हरचे आकडे चढलेले. डॉक्टरांनी विचारलं, "दवाई के अलावा और क्या-क्या ले रही हैं आप?"

मी शब्द जुळवेपर्यंत नवरा बोलून मोकळा झाला. "कुछ नहीं, सर. घर का सादा खाना."

दुपारच्या कॅप्सूलची डबी माझ्या पर्समध्ये होती. मी ती काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी बारीक अक्षरं वाचली, बाकीच्या डब्यांची नावं विचारली आणि सगळं बंद करायला सांगितलं. नेमकं कशाने बिघडलं हे त्यांना सांगता येईना, पण यांतलं काहीही केमोसोबत घेणं धोक्याचं, एवढं ते स्पष्ट बोलले. केमो पुढे ढकलली.

विसरण्याबद्दल मी स्वतःच विचारलं. बऱ्याच पेशंटांना असं होतं, म्हणाले. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, काहींचं थोडं राहून जातं. त्यावर खात्रीची अशी कॅप्सूल नाही. रक्तात एखादं जीवनसत्त्व कमी निघालं तर ते आपण देऊ. चाला, नीट झोपा, एका वेळी एकच काम करा. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "और आप लोग ज़रा ठहरकर इनकी बात सुनिए." नवऱ्याने मान हलवली.

गाडीत बसल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "आता ताईले काय सांगायचं?"

ताईंना मीच सांगितलं. त्यांनी डबे उचलून नेले आणि आमच्याकडे येणं सोडलं. डबे बंद केल्यावर लिव्हर ताळ्यावर आलं, उरलेली केमो पार पडली, पण त्याचा डब्यांशी संबंध घरात कोणी लावला नाही. पुढे एका लग्नात मी पाठमोरी उभी असताना ताई कोणाला तरी सांगत होत्या, "माह्या कॅप्सूल सोडल्या, म्हणून अशी झाली. चांगली हुशार होती." मी वळले. उत्तर तयार होतं, पण वाक्य तोंडाशी येऊन विस्कटलं. ते पुन्हा जुळवेपर्यंत त्या जेवायला निघून गेल्या होत्या. उरलेल्या बायका माझ्याकडे दयेने पाहत होत्या, म्हणजे त्यांच्या लेखी ताईंचं म्हणणं खरं ठरलं होतं.

आता रिपोर्ट चांगले आहेत. शब्दही बरेच परतले आहेत, फक्त यायला वेळ घेतात. मी न विचारता पुन्हा दुकानात जाऊ लागले. नवऱ्याने माझ्यासाठी आत, पंख्याखाली खुर्ची ठेवली आहे. गिऱ्हाईक मला तब्येत विचारतात आणि माल त्याला.

परवा महासमुंदच्या एका बाईंनी मात्र मलाच विचारलं, लग्नसराईला काय न्यावं. मी विचार करत होते. नवरा मधेच म्हणाला, "मी सांगतो, तिच्या डोक्याले ताण नको."

"मले बोलू द्या," मी म्हणाले.

तो हिशेबाच्या वहीकडे वळला. बाई मोबाईल पाहू लागल्या. मी थांबत थांबत, दोनदा चुकून, पण पूर्ण बोलले. बाईंनी मी सांगितलेला माल घेतला.

घरी येताना नवरा एवढंच म्हणाला, "गिऱ्हाइकापुढे मले गप्प नको करत जाऊ."