आंबा त्याने खाल्ला नव्हता

श्रीधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याला सुनावण्यासाठी एक चोख उत्तर मनात जुळवत बसलो होतो. आदल्या संध्याकाळीच मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या बाकावर आम्ही तावातावाने भांडलो होतो. विषय पाण्याच्या टाकीचा होता आणि शेवटचा शब्द त्याचा होता. "काका, बाबा झोपेतच गेले," त्याचा मुलगा निखिल सांगत होता... आणि माझे उत्तर माझ्यापाशीच राहिले.

आज भांडण त्याच्याशी नाही, त्याच्याविषयी बोलणाऱ्यांशी आहे. शोकसभेत निखिलने हसत हसत एक आठवण सांगितली : बाबांना मधुमेह होता, तरी ते चोरून आंबे खात, आम्ही ओरडून ओरडून ती सवय सोडवली. सभा मायेने हसली. मी उभा राहून "हे साफ चूक आहे" असे म्हणालो, तेव्हा शेजाऱ्यांनी माझा सदरा ओढून मला खाली बसवले. म्हणून हे लिहिणे आले.

रोज स्वतःच्या बोटाला सुई टोचून घरी साखर मोजणे ऐकायला सोपे वाटते. श्रीधरच्या बोटांची टोके निबर झाली होती. थेंब पुरेसा येत नसे, यंत्र चूक दाखवी, पट्टी वाया जाई, की पुन्हा दुसरे बोट. "साखर राहू दे, अंगात रक्त उरलंय का तेवढं सांग रे या यंत्राला विचारून," असे तो मला म्हणे. नाश्त्यानंतर दोन तासांनी आलेला आकडा मालाडला राहणाऱ्या निखिलला फोनवर कळवायचा, आणि मग झडती सुरू होई.

"परत वाढली? बाबा, आंब्याची पेटी फोडलीत ना?"

"नाही रे, शपथ."

"मग काय साखर हवेतून आली?"

मी आयुष्यभर लेखापरीक्षण केले आहे. न जुळणारे दोन आकडे मला झोपू देत नाहीत. प्रयोगशाळेतला तीन महिन्यांच्या सरासरीचा अहवाल बरा आणि घरचे आकडे भयंकर, हे कसे? निखिलचे म्हणणे, तपासणीच्या आधी बाबा चार दिवस पथ्य पाळतात. चार दिवसांच्या पथ्याने तीन महिन्यांची सरासरी फसत नाही, हे मी त्याला सांगितले. त्याने ते ऐकले नाही. औषध वाढवण्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा मी एका सकाळी श्रीधरच्या घरी जाऊन बसलो.

सुलभावहिनींची वाचा आणि उजवा हात पक्षाघाताने गेला होता. त्या फक्त श्रीधरच्या हातून खात. त्याने हापूस सोलला, फोडी केल्या, एकेक करून त्यांना भरवल्या, बोटे फडक्याला पुसली आणि यंत्र उचलले.

"हात धुतलेस?"

"पुसले ना!"

मला मधुमेह नाही. मी दुसरा आंबा सोलला, बोटे तशीच पुसली आणि टोचून घेतले. आकडा पाहून श्रीधर उठून उभाच राहिला. "अरे, तू तर गेलास!" मग साबणाने हात धुऊन त्याच बोटावर पुन्हा मोजले, आकडा अगदी सरळ आला. यंत्राने आजवर बोटावरचा आंबा मोजला होता.

श्रीधर हात धुऊ लागला, आकडे उतरले आणि निखिलला वाटले, आपला ओरडा कामी आला. खरे काय ते सांगायला मी फोन उचलला, तर श्रीधरने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"काही सांगायचं नाही."

"पोरगा तुला चोर म्हणतोय!"

"म्हणू दे. तिच्या आंब्यापायी मी बोलणी खाल्ली हे तिच्या कानावर गेलं, तर तोंड मिटून घेईल. मला ओळखतोस, तिला ओळखत नाहीस तू."

मी त्याला तसा शब्द दिला. या माणसाचे मी मुकाट ऐकल्याचे हे एकमेव उदाहरण. गेल्या वर्षी वहिनी गेल्या. तरीही त्याने मुलाला काही सांगितले नाही. आता मात्र त्या शब्दाने मी बांधलेला नाही, असे माझे मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

सभेनंतर निखिल माझ्या घरी आला तो संतापूनच. "काका, चारचौघांत मला खोटं पाडलंत." मी सगळे सांगितले. त्याने एवढेच विचारले :

"आईला कळलं होतं?"

"नाही. त्याने कळू दिलं नाही."

परवा त्यांचे घर आवरताना निखिलने मला बोलावले. खिडकीशी एक लाकडी स्टूल आहे. वहिनींना भरवताना श्रीधर त्यावर बसे. त्याची एक कड काळवंडली आहे. "हे पॉलिशला देणार होतो," निखिल म्हणाला, आणि त्याने ते उचलून पुन्हा खिडकीशीच ठेवले. मी त्यावर बसलो आणि हात आपोआप त्या कडेवर गेला. वहिनींना एकेक फोड गिळायला वेळ लागे. तेवढा वेळ तो तिथे हात टेकून थांबत असे.