रीटा बसली

फौजेतली माझी शेवटून दुसरी पोस्टिंग घराजवळ आली. बोम्मसंद्राच्या पुढे, कारखान्यांची रांग संपते तिथे आमचं छोटं केनेल होतं. कुत्र्यांची पैदास करायची, पिल्लं वाढवायची आणि ट्रेनिंगला पाठवायची, एवढंच काम. मी हवालदार, केनेलचा एनसीओ, म्हणजे रोजचा कारभार माझ्याकडे. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, त्यामुळे नातेवाईक म्हणाले, अण्णा, नशीब काढलंस. काढलं होतं खरं. त्यातून काय निघालं ते सांगतो.

रीटा ही काळी लॅब्राडोर. स्फोटकं हुंगण्यात तिच्या तोडीचं नाक मी दुसरं पाहिलं नाही. वास लागला की ती भुंकत नसे, उकरत नसे. गप खाली बसायची. या कुत्र्यांना तेच शिकवतात, कारण उकरलं तर कुत्रा आणि माणूस दोघांचा खेळ खलास. तिची पिल्लं हवीत म्हणून वरून हुकूम आला आणि ती फील्डमधून आमच्याकडे आली. सोबत तिचा हँडलर, नाईक परशराम. बेळगावकडचा गडी. माझ्याशी मराठी बोलायचा, रागावला की कानडी. रीटाशी मात्र तो कधी रागावल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्याकडे पैदाशीची स्टँडिंग ऑर्डर होती. कुत्री माजावर आली, रक्त दिसलं, की तो पहिला दिवस. अकराव्या आणि तेराव्या दिवशी नर दाखवायचा. बहुतेक कुत्र्यांना ते जमायचं. तयार कुत्री शेपूट बाजूला घेऊन स्थिर उभी राहते, कुणाला सांगावं लागत नाही. रीटाला अकराव्या दिवशी नर दाखवला, तर ती खाली बसली. उठवली, पुन्हा बसली. नर जवळ आला तेव्हा दात दाखवले.

मेजर साहेब, म्हणजे केनेलचे प्रमुख, आमचे ओसी, तिथेच उभे होते. म्हणाले, तोंडाला मझल बांधा आणि धरा.

परशराम म्हणाला, "साहेब, बसली तर उठवू नये. ती कायतरी सांगतीया."

"नाईक, कुत्रीचं मत घ्यायला आलोय का आपण?"

लोक हसले. मझल बांधली, दोघांनी धरली, मारून मुटकून काम उरकलं. पिल्लं झाली नाहीत. पुढच्या माजाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. आमच्याकडे एक तरुण डॉक्टर कॅप्टन होते. त्यांनी साहेबांना समजावून सांगितलं, की काही कुत्र्या फार उशिरा तयार होतात. दर दोन दिवसांनी रक्त तपासलं की नेमका दिवस कळतो, शहरात लॅब आहे, मी स्वतः नमुने घेऊन जातो. साहेब म्हणाले, ऑर्डरमध्ये ब्लड टेस्ट नाही. आता त्या कुत्रीच्या शरीराने ऑर्डर वाचली होती का? पण हे साहेबांना विचारणार कोण.

रीटा इनफर्टाइल ठरली. लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, पोरं तिला वांझ म्हणायची. परशराम ताट उचलून बाहेर जाऊन जेवायचा. त्याच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, घरी पाळणा हलला नव्हता. तो शब्द त्याच्या बायकोने गावात पुष्कळ ऐकला होता.

मग रीटाला पुन्हा फील्डचा हुकूम झाला. डोंगरातली एक पोस्ट, खाली एकच रस्ता. रोज पहाटे रोड ओपनिंग पार्टी निघायची. पुढे रीटा आणि परशराम, मागे जवान. त्यांनी रस्ता मोकळा आहे म्हटलं की गाड्यांचा कॉन्व्हॉय सुटायचा. मलाही त्याच पोस्टवर धाडलं. डॉग सेक्शन माझ्याकडे आणि गरजेला रेडिओ सेटही.

तिथे रीटा पुन्हा माजावर आली. अकरावा दिवस गेला, तेरावा गेला. तिसरा आठवडा संपत आला तेव्हा एका सकाळी ती तारेजवळ शेपूट बाजूला घेऊन उभी राहिली. लंगरच्या खरकट्यावर जगणारा, एक कान फाटलेला गावठी कुत्रा होता. आम्ही पोचेपर्यंत तो तारेखालून आत आला होता. रीटाने दात दाखवले नाहीत. परशराम पोट धरून हसला. म्हणाला, उस्ताद, फौजेचे तीन-तीन मेडलवाले नापास केले की हो हिनं!

पुढे तिचं पोट दिसायला लागलं. मी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, हेच मी सांगत होतो, तिला ताबडतोब ड्यूटीवरून काढा. गाभण कुत्रीला लवकर धाप लागते, आणि धाप लागलेला कुत्रा तोंडाने श्वास घेतो, त्याला नीट हुंगता येत नाही. मी केनेलला सिग्नल पाठवला. मेजर साहेबांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: डॉग रेकॉर्डप्रमाणे इनफर्टाइल, गर्भ असणं शक्य नाही, बदली डॉग मिळेपर्यंत ड्यूटी चालू ठेवा. पोस्ट कमांडरांनी ते वाचून माझ्या हातात दिलं. रीटा समोरच बसली होती, हे एवढं पोट घेऊन. आंधळं दळतं म्हणतात ते हेच.

त्या दिवशी सेटवर मी होतो. रीटा रस्त्यावर दोनदा बसली होती. दोन्ही वेळा पार्टीने जमीन तपासली, काही निघालं नाही. ती थकली होती. नाल्याच्या वळणावर ती तिसऱ्यांदा बसली. पोस्ट कमांडरांनी माझ्या हातातून हँडसेट घेतला.

"डॉग का थांबला? ओव्हर."

"बसलीय, साहेब. ओव्हर."

"थकलीय ती. उठवा, पुढे चला. ओव्हर."

"साहेब, बसली तर उठवू नये. तपासू द्या. ओव्हर."

"मागे कॉन्व्हॉय उभा आहे. मूव्ह. आउट."

पुढचं मला वाचलेल्या जवानांनी सांगितलं. परशरामने हात करून सगळ्यांना लांब मागे थांबवलं. वाकून रीटाच्या कानामागे खाजवलं. मग लीश ओढली. ती शिस्तीची होती, उठली.

आवाज मला सेटवरही आला आणि डोंगराकडूनही.

परशराम जागेवर गेला. रीटाही. मागचे सगळे वाचले. पुढे चौकशी झाली. निष्कर्ष एका ओळीचा होता: डॉगने इंडिकेशन दिलं नाही, म्हणजे रीटा बसलीच नाही. ती ओळ ऐकली आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सेटवर काय ऐकलं ते मी उभं राहून सांगितलं. हवालदार, बसा, असं उत्तर मिळालं.

आता मी बेळ्ळंदूरला एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहे. इथे घरोघरी कुत्रे, आणि फौजेत कुत्र्यांचं काम केलं म्हणून सगळे मलाच विचारतात. आठव्या मजल्यावरची सायली पुण्याची, इथे आयटीत आहे. तिची कोको लॅब्राडोरच. गेल्या महिन्यात तिचा होसूर रोडच्या एका ब्रीडरकडून फोन आला. रडवेली झाली होती.

"अंकल, आज अकरावा दिवस आहे, पण कोको सारखी खाली बसतेय. हे म्हणतायत मझल लावून धरू. तरी नाही झालं तर ती वांझ आहे."

"बसली तर उठवू नये," मी म्हटलं. "गाडीत घाल आणि घरी आण."

सरी अंकल, असं इथल्या कानडीत 'बरं' म्हणाली. आणली. मी तिला रक्ततपासणीचं समजावून सांगितलं. संध्याकाळी ती कोकोला घेऊन गेटवर आली. ब्रीडरलाही माहीत नाही, तुम्हाला हे कुणी शिकवलं, म्हणून विचारलं. मी परशरामचं नाव सांगितलं. रीटाचं सांगितलं. रस्ता, वळण, तिचं बसणं, सगळं सांगितलं. रीटाच्या पोस्टमॉर्टेमच्या वेळी मी तिथे हजर होतो, ते तेवढं सांगितलं नाही.

ती बराच वेळ कोकोच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"अंकल, म्हणजे रीटाला पिल्लं होणार होती?"

"सहा," मी म्हटलं.