पाद्रीसाहेबांचा अर्धा तास

आमची कंपनी तेव्हा उत्तरेच्या बर्फात होती, सोळा हजार फुटांवर. मी सुभेदार, कंपनीचा सीनियर जेसीओ. कोणाची ड्युटी कुठे लागणार, हे मी ठरवत असे. माझे वडील नागपुरात दुसऱ्याच्या लाकडाच्या वखारीत ओझी उचलायचे. आज लकडगंजला माझी स्वतःची वखार आहे. फौजेत आणि धंद्यात मी एक नियम पाळला. रिकामा माणूस दिसला की त्याला कामाला लावायचं. हे मी पूर्वी अभिमानाने सांगायचो.

बेसवर पत्र्याच्या शेडमध्ये सर्वधर्मस्थळ होतं. तिथे धर्मगुरू म्हणून नायब सुभेदार योहान साळवे आले. जालन्याकडचे. जवान कुठल्याही धर्माचा असो, घरचं भांडण, आईचं आजारपण, पेट्रोलची म्हणजे गस्तीची भीती, सगळं तो पाद्रीसाहेबांकडे नेऊन टाकायचा. ते दिवसभर ऐकायचे. पहाटे पाच ते साडेपाच मात्र ते कोणालाच भेटत नसत. स्टुलावर डोळे मिटून गप्प बसायचे.

एकदा मी आत डोकावलो.

"काय जी पाद्रीसाहेब, झोपून राहिले का?"

"नाही, साहेब. हजेरी घेतोय."

"कोणाची?"

"माझी. तुमच्या रोलवर सगळ्यांची होते. मी आज कसा आहे, हे देवासमोर मलाच बघावं लागतं."

मी हसलो आणि निघून गेलो.

जानेवारीत एका सकाळी सव्वानऊला आमच्या सहा जणांच्या पेट्रोलवर बर्फाचा कडा कोसळला. दोघे जिवंत निघाले. चौघांना काढायला चार दिवस लागले. वरच्या चौकीवर अकरा जवान अडकले होते. तिथला हवालदार वायरलेस सेटवर आला.

"साहेब, पोरं जेवून नाही राहिली. पाद्रीसाहेबांले द्या. ओव्हर."

"देतो. रोज पाच ते साडेपाच. आउट."

ती वेळ मी विचार करून दिली. माझ्या ड्युटी रोस्टरवर त्यांचा तेवढाच अर्धा तास मोकळा दिसत होता. पाद्रीसाहेब नाही म्हणाले नाहीत. पहाटे सेटवर बोलायचे, दिवसा मृतदेहांपाशी थांबायचे, मग चार घरांना पत्रं. असं नऊ दिवस चाललं. वरची पोरं जेवू लागली.

दहाव्या दिवशी ते खोकत होते. मी विचारलं, "तब्येत?" ते म्हणाले, "ठीक, साहेब." दहा वाजता ते शेडच्या दारात कोसळले. फुप्फुसात पाणी भरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे? त्यांना सांगता येईना.

"बघितलंच नाही," एवढंच म्हणाले.

ढगांमुळे हेलिकॉप्टर आलं नाही. तीन चाळीसला ते गेले.

युनिटने पाटी लावली. तिच्यावर चार नावं. मी पाचवं मागितलं. उत्तर आलं, धर्मगुरू आजाराने वारले, बर्फाखाली नाही. मी अर्जांवर अर्ज केले, एका कॅप्टनशी भांडलो, खरमरीत समज ऐकून घेतली. तो राग मी अजून सोडलेला नाही. त्यात माझा वाटा किती, तेही मला ठाऊक आहे.

यंदा नागपुरात आमच्या चर्चचे तरुण पाळक उपासनेच्या मध्यावर थांबले. प्रार्थना पुढे जाईना. मग त्यांनी कमिटीला अर्ज दिला. आठवड्यातून एक दिवस मौन हवं, आणि महिन्यातून एकदा एका जुन्या पाळकाजवळ मन मोकळं करायला सवड.

आमचे खजिनदार उखडले. त्यांचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे.

"पाळकालेच असं होऊन राहिलं, तं आपण कोणापाशी जावं गा? विश्वास कमी पडून राहिला त्याचा. बदली मागा!"

मी विचारलं, "तुमचं दुकान आठवड्यातून एक दिवस बंद राहते का नाही?"

"राहते. मंग?"

"मंग तुमचाही विश्वास कमी पडून राहिला का?"

"दुकानाची गोष्ट अलग आहे, सुभेदार."

"अलग तं आहेच. तुमच्या गंज-भांड्यांपाशी येऊन कोणी रडत नाही."

लोक हसले. खजिनदार लाल झाले. मी दोन दिवसांची मागणी ठेवली. मला एकच हवा होता. पाऊण तास घासाघीस झाली, दोनदा मी टेबलावर हात आपटला. ते एका दिवसावर आले, तेव्हा मी फार मोठं नुकसान झाल्यासारखी मान हलवली. मग मिनिट बुकात लिहून घेतलं की त्या दिवशी पाळकांना कोणी फोन करायचा नाही. मयत झाली तर खजिनदार आणि मी जाऊ.

"माझं नाव काहून टाकलं गा?"

"मयतीत गीत म्हणा लागते. मले गाणं येत नाही."

त्यांनी सही केली.

बाहेर पाळकांनी मला थांबवलं. "काका, माझ्यासाठी इतकं का भांडलात?"

"तुमच्यासाठी नाही," मी म्हटलं.

मृतांच्या स्मरणाच्या उपासनेत यंदा मी उभा राहिलो. कोणाची परवानगी घेतली नाही. नाईक दिगंबर ठवरे. लान्स नाईक गजानन कोहळे. शिपाई प्रकाश मडावी. शिपाई रफिक शेख. नायब सुभेदार योहान साळवे, धर्मगुरू. ड्युटीवर असताना गेले.