शेजारी ठेवलेलं हाड

सुरतच्या आमच्या मेडिकल कॉलेजात हाडं पुसून ठेवणारे एक काका होते. पूर्वी ते पलसाण्याच्या मिलमध्ये कापडाच्या रंगछटा जुळवायचे. माझ्या प्रोजेक्टसाठी मी भरलेल्या मापांवरून कॉम्प्युटरने कमरेच्या हाडांचे दोन गट पाडले, बायकांचा आणि पुरुषांचा. सर म्हणाले, "एक चुकलंय. दुपारपर्यंत शोध, नाहीतर प्रोजेक्ट रद्द."

काकांनी पुरुषांच्या गटातलं एक हाड उचलून बायकांच्या हाडांशेजारी ठेवलं आणि मान तिरकी केली. "ताई, एकटा तुकडा बघून रंग कळत नाही. शेजारी ठेवावा लागतो."

मी ते पुन्हा मोजलं. आकडा मीच चुकीचा लिहिला होता. तो सुधारताच कॉम्प्युटरचं आणि काकांचं एकमत झालं. एरवी गप्प राहणारी मी सरांना न अडखळता म्हणाले, "काकांनी आधी ओळखलं."

सरांनी आम्हा दोघांना हाडांची पुढची पेटी उघडायला सांगितली. काकांनी टेबलापाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या.