पाठवणी राहून गेली

कुंदाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालीत होते. एका सभेची पत्रकं वाटत होते. डाव्या हातावर कागदांचा गठ्ठा, उजव्या कानाशी फोन. चुलतभाऊ म्हणाला, "आत्या गेली गं. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या." समोरून एक बाई येत होत्या, त्यांनी हात पुढे केला आणि मी सवयीने त्यांना पत्रक दिलं. त्यांनी ते वाचायला घेतलं, मी तिथेच उभी राहिले. कागद वाटून झाले नव्हते आणि मला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळत नव्हतं...

आत्याच्या मृत्यूबद्दल जे कळलं ते असं. दुपारी एक ट्रेलर ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून घ्यायला आला. आत्या कानांवर हेडफोन लावून, डोळे मिटून खुर्चीत बसलेली. तिच्या कानांवर हेडफोन असला की बोलायचं नाही, हा त्या दुकानाचा कायदा उरणच्या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांना पाठ होता. म्हणून तो बिचारा पंधरा मिनिटं गप्प उभा राहिला. नंतर तो मला म्हणाला, "हमको लगा दीदी सुन रही है." तो तिथे रडला तसं आमच्या घरातही कुणी रडलं नसेल.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलतबहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं मोबाइल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं. त्यात ती गाणीही भरून द्यायची आणि तिथे तिचा एक विचित्र नियम होता: गिऱ्हाइकाने मागितलेली पन्नास गाणी असतील, तर न मागितलेली तीन. ती तीन असायची आमच्या भागातल्या माणसांची, ज्यांना कुठल्या कंपनीने कधी विचारलं नाही अशांची. मिठागरात काम करता करता गाणारी बाई, म्हसळ्याचा स्वतःची गाणी स्वतः लिहिणारा इरफान, होडी रंगवताना सोबत ताल धरणारा एखादा म्हातारा. ड्रायव्हर कुरकुरायचे, "दीदी, ये क्या डाल दिया?" आणि दोन महिन्यांनी नागपूर, इंदूर करून परत आले की विचारायचे, "वो बुढ्ढीवाला गाना और है क्या?" तेव्हा आत्याच्या चेहऱ्यावर जे पसरायचं त्याला आनंद म्हणणं कमी पडेल. जिंकल्यासारखी दिसायची ती.

ही गाणी ती दुकानात बसून गोळा करत नव्हती. तिचं म्हणणं असं, की गाणं जिथलं आहे तिथेच घ्यायचं. आता आमच्या किनाऱ्यावर 'जिथलं तिथे' म्हणजे काय? निम्म्या जागांना तारेचं कुंपण आणि उरलेल्या निम्म्यांना पाटी. प्रवेश निषिद्ध. विनापरवाना आत येणाऱ्यावर कारवाई. मी लहानपणी अक्षरं ओळखायला शिकले ती वडिलांच्या युनियनच्या पत्रकांवरून आणि असल्या पाट्यांवरून. दोन्हीकडे अक्षरं मोठी आणि जाड. आत्या त्या पाट्यांपुढून सरळ चालत जायची. इरफानचं पहिलं गाणं तिने मिठाच्या एका बंद पडलेल्या गोदामात घेतलं, कारण त्याचा आवाज तिथे "देवळातल्यासारखा घुमतो" म्हणून. मी तेव्हा बारावीत होते. घाबरून म्हटलं, "आत्या, पाटी आहे." ती पाटीकडे न बघताच म्हणाली, "पाटी भायेरच्यांना हाय गो. मी भायेरची कवा झाली?"

हे वाक्य मी पुढे किमान चार पत्रकांत वापरलं. तिला न विचारता.

अशा सफरींना ती जशी तयारी करायची तशी लोक लग्नालाही करत नाहीत. भरती-ओहोटीच्या वेळांची वही. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका जवळा, तोही केळीच्या पानात, कारण प्लास्टिकचा आवाज येतो. आणि तिचा रेकॉर्डर. हाताच्या तळव्याएवढा. त्याच्या माईकला वारा लागू नये म्हणून तिने मेलेल्या नवऱ्याच्या स्वेटरची बाही कापून टोपडं शिवलं होतं, मातकट हिरवं. आत गेल्यावर नियम तीन: काही उचलायचं नाही, काही टाकायचं नाही, फोटो काढायचा नाही. "आणायचा तो फक्त आवाज." आणि गाणं संपलं की ती हात वर करायची. पंजा उघडा, जसा रस्ता ओलांडताना गाड्यांना दाखवतो तसा. मग एक मिनिट कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. त्या मिनिटात ती नुसत्या जागेचा आवाज घ्यायची. मला ते मिनिट कधीही जमलं नाही. मी बोलणारी मुलगी. दर वेळी विसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला मी काहीतरी बोलून ते नासवायचे आणि इरफान मला चिडवायचा, "हिला तोंडाला पण एक टोपडं शिवा, आत्या."

आता मला एका जुन्या दुपारबद्दल लिहिलं पाहिजे. इतरांनी आत्यावर लिहिताना 'चटका लावून गेली' वगैरे लिहिलं. मला तसं लिहायचा हक्क नाही.

आमचं मूळ गाव बंदरात गेलं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. घरं पाडली, माणसं नव्या वसाहतीत आणून बसवली. जुन्या गावातलं आता काय उरलं, तर गावदेवीची घुमटी आणि एक विहीर, दोन्ही एका कंटेनर यार्डाच्या कुंपणाआत. पार्वताबाय त्या गावची शेवटची धवलारीण. आमच्याकडे लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर. ती आधी गाऊन देवांना मांडवात बोलावते. गावदेवी, विहीर, वेशीवरचा उंबर, खाडी, सगळ्यांना नाव घेऊन. आणि कार्य झालं की तसंच नाव घेऊन एकेकाला परत पाठवते. बोलावलं त्याला पाठवायचंच, आणि बोलावलं तिथूनच पाठवायचं. यात तडजोड नाही. वसाहतीत गेल्यापासून पार्वताबाय म्हणायची, "मी हाका मारतंय लांबून. आयकत असतील का, काय ठाव." आत्याने ठरवलं, की पार्वताबायला एकदा तरी त्या घुमटीपुढे बसवायचं आणि दोन्ही गाणी तिथेच घ्यायची.

रस्त्याने जाणं शक्य नव्हतं. पण पौर्णिमेला भर दुपारी मोठी भरती येते, तेव्हा खाडीतल्या तिवरांच्या झाडांमधून छोटी होडी थेट घुमटीच्या मागे लागते. तारेला तिथे एक फट होती. फटीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर एक पहारेकरी बसायचा, लातूरकडचा. त्याच्या मुलीला कसलीशी गाणी आवडायची आणि ती आत्या भरून द्यायची. त्या दुपारी तो खुर्ची उलटी फिरवून, आमच्याकडे पाठ करून बसला. इतकंच त्याने केलं.

होडी आत्याने स्वतः वल्हवली. ऐंशीच्या घरातली पार्वताबाय मध्ये बसून तिला सूचना देत होती, "डावीकडं घे, हितं दामूचं घर होतं, त्याच्या पायरीला आपटशील!" पाण्याखाली पायरी होती की नव्हती, देव जाणे. घुमटीपुढे बसल्यावर ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग पदर सारखा केला आणि गायला लागली. मी लहानपणापासून हे गाणं लग्नात लाउडस्पीकरच्या गोंधळात ऐकलं होतं. इथे तिने विहिरीचं नाव घेतलं आणि विहीर समोर होती. तिने देवांबरोबर एकेका घराचंही नाव घेतलं, कुणाचं घर कुणाच्या शेजारी ते. तिच्या आवाजात गाव पुन्हा उभं राहिलं आणि त्याच्या मागे कंटेनरच्या निळ्या-लाल भिंती होत्या. माझं डोकं तापलं. मी मोबाइल काढला आणि एक फोटो घेतला. आत्याच्या पाठीमागून.

गाणं इतकं लांबलं, की संपेपर्यंत पाणी ओसरायला लागलं. पाठवणीचं गाणं घेत बसलो असतो तर होडी चिखलात रुतली असती. पार्वताबाय उठता उठता घुमटीकडे बघून हसली. "पुढल्या पुनवेला येतंय पाठवायला. तवर बसा आरामात. तुमाला पण घर बगून लय दिवस झालेत."

पुढची पौर्णिमा यायच्या आत मी पत्रक काढलं. 'आपल्याच देवीला भेटायला चोरवाट?' असा मथळा. खाली तो फोटो. मजकुरात मी सगळं लिहिलं, खाडी, तिवरं, तारेची फट, म्हाताऱ्या बाईला कसं लपून जावं लागलं ते. प्रत्येक शब्द खरा होता. पत्रक फोनवरून गावोगाव फिरलं. लोकांनी मला शाबासकी दिली... फोटोच्या कोपऱ्यात पाठमोरी खुर्ची होती, ती माझ्या लक्षातसुद्धा आली नव्हती.

आठवड्याभरात फट बुजली. तिवरांच्या तोंडाशी दिव्याचा उंच खांब आला. पहारेकऱ्याला काढलं. गावाकडे परत जाताना तो दुकानात निरोप घ्यायला आला, तेव्हा मी तिथेच होते. तो माझ्याशी नीट बोलला, पत्रक मी काढलं हे त्याला ठाऊक नव्हतं. आत्याने त्याचा पेनड्राइव्ह भरून दिला. तो गेल्यावर मी माझी बाजू मांडायला लागले. हक्क, अन्याय, किती दिवस लपून जायचं वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू लिवलंस ते खरं हाय. पण खरं सांगायला वाट कशाला दाखवलीस?"

एवढंच. पुन्हा कधी हा विषय तिने काढला नाही. माझ्याशी अबोला धरला नाही, जेवायला बोलावणं थांबवलं नाही. फक्त त्यानंतर कुठल्याही सफरीला तिने मला नेलं नाही.

मग तिने सरळ मार्ग धरला. परवानगीचा अर्ज. मला म्हणाली, "तू लिवून दे. पण कडक नको लिवूस, नरम लिव." मी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीवर अडले. 'नम्र विनंती' हे दोन शब्द मी लिहिणार नाही म्हटलं. आपल्या गावात जायला विनंती कसली? मागणी लिहीन. ती म्हणाली, "शब्दच हायेत ना गो? पार्वताबायचं वय बघ." मी नाही लिहिले. माझी तत्त्वं होती ना... शेवटी तिने स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात अर्ज लिहिला. त्याची प्रत मला आता दुकानात सापडली. 'कारण' या रकान्यात लिहिलंय: 'गाणं अर्ध राहिलं आहे.' उत्तर आलं होतं, की हे कारण नियमात बसत नाही. तिने पुन्हा अर्ज केला. पुन्हा. तीन अर्ज आहेत. तिन्हींत 'नम्र विनंती', दर वेळी आधीपेक्षा जरा सरळ अक्षरात. घोटून घोटून सुधारलं असणार तिने.

गेल्या आठवड्यात मी पार्वताबायला दुकानात घेऊन आले. आता तिला ऐकू कमी येतं. मला वाटलं, इथे, आत्याच्या खुर्चीपाशी, तिला पाठवणी गायला सांगावी. निदान आवाज तरी राहील. सगळी तयारी करून विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी मान खाली घातली.

"देव तिथं बसलेत. हितनं कशी पाठवू? रस्त्यातून उठवून लावू काय त्यांना?"

"मग काय करायचं, बाय?"

"मना नको इचारू. तू शिकलेली हायेस."

मग तिने रेकॉर्डरवरचं ते हिरवं टोपडं उचललं, बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "लाव ते. मोठ्यानं लाव."

आत्याच्या वहीत प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे एक ओळ असते. या नोंदीपुढे लिहिलंय: 'पार्वताबाय, बोलावणं. शेवटी पोरगी.' पोरगी म्हणजे मी. मी उभ्यानेच बटण दाबलं. गाणं सुरू झालं. दामूचं घर आलं, विहीर आली, उंबर आला. पार्वताबाय ओठ हलवत होती. गाणं संपलं आणि मी बंद करायला हात पुढे केला, तर तिने आपला पंजा वर केला. अगदी आत्यासारखा.

मी थांबले. तिवरांमध्ये पाणी उतरत असल्याचा आवाज येत होता. लांब कुठेतरी कंटेनर खाली ठेवल्याचा दणका. एक खंड्या ओरडला. आणि मग माझाच आवाज, घाई झालेला, "आत्या, झालं ना? चला की आता." आत्याने तो पुसला नव्हता. कापून टाकणं तिच्या हातचा मळ होता, पण ठेवला. त्यामागून तिचा श्वास, अगदी माईकजवळ, आणि तिची कुजबूज. त्या दिवशी मी ती ऐकली नव्हती. तोवर मी होडीकडे वळले असेन.

"श्श... अजून हाय."

पार्वताबायने हात खाली केला नाही. मी पूर्ण मिनिट गप्प बसले, आयुष्यात पहिल्यांदा. त्यानंतर आत्याच्या खुर्चीत बसून चौथा अर्ज लिहायला घेतला. पहिल्या ओळीत 'नम्र विनंती' लिहिलं.