उलटी फेरी

नायगावात सकाळी धावणारे आम्ही सगळे मारुतीचं देऊळ उजव्या हाताला ठेवून चाळींना गोल वळसा घालायचो, प्रदक्षिणा घालावी तसा. एक मालवणी काका मात्र उलट्या दिशेने धावायचे. ढगळ हाफ पँट, पायात मुलाचे जुने बूट, ओठांवर देवाला गाऱ्हाणं घालावं तशी पुटपुट. एकदा मी विचारलं, "काका, उलटे का?" न थांबता म्हणाले, "माणसांच्या पाठी बघान काय करू रे? तोंडा दिसाक व्हयी."

समोरासमोर आलो की हात उंचावून ओरडायचे, "येतंय हां!" मालवणी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ. आणि त्यांचं खरंही व्हायचं. गोल रस्ता, पोलीस क्वार्टर्सच्या मागे ते पुन्हा समोर हजर! तेवढ्या दोन पावलांत नाव विचारायचं राहून जायचं. उद्या विचारू, असं वाटायचं.

त्यांची चाळ पाडायला घेतली, त्या आठवड्यात एका सकाळी ते चक्क थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जातंय रे."

"काका, येतंय म्हणा!" मी हसत म्हटलं आणि पुढे धावत सुटलो.

क्वार्टर्सच्या मागे आलो तसा माझा वेग आपोआप कमी झाला. मग मी थांबलोच. मागून येणारे एकेक जण मला ओलांडून पुढे गेले. समोरून मात्र कुणीच आलं नाही.