अबू फरजचे झेंडे

धैद या अरबी गावाच्या पलीकडे, वाळूच्या तांबड्या टेकडीच्या पायथ्याशी शुक्रवारी दुपारी गाड्या जमायला लागल्या, की त्या गर्दीत एक म्हातारा काखेत लांब काठ्यांचा भारा घेऊन फिरताना दिसतो. प्रत्येक काठीच्या टोकाला नारिंगी झेंडा. म्हाताऱ्याचं नाव खलफान. पण इथे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून तो सगळ्यांचा अबू फरज, म्हणजे फरजचा बाप. फरज जाऊन दोन हिवाळे झाले. हाक काही बदलली नाही, आणि ती ऐकताना त्याच्या चेहऱ्याचं जे होतं ते मला बघवत नाही.

मी तिथे हवेचा पंप घेऊन बसतो. वाळूत शिरताना टायरमधली हवा निम्म्याहून कमी करायची आणि घरी जाताना पुन्हा भरून घ्यायची, या धंद्यावर माझं अर्धं आयुष्य या मुलखात गेलं. अबू फरज माझ्याच चटईवर बसतो, थर्मासमधला वेलचीचा चहा मला पाजतो आणि घोटभर पिऊन पुन्हा झेंडे घेऊन उठतो.

पोरांचं तिकडे नेहमीचं सुरू असतं.

"जोर बघायचा तर माझ्या पॅट्रोल गाडीचा बघा. चढावर पाय दाबला की झालं!"

"चढावर काय, सगळ्याच पळतात. मऊ वाळूत दम लागतो, तिथे आपली लँड क्रूझर."

"तुम्ही दोघांनी उंट आणलेत," जीपवाला म्हणतो, "मी बकरी आणलीय. वर आधी कोण चढतं बघू."

तोंडाची वाफ दवडून झाली की एकेक गाडी टेकडीवर सोडायची. एका दमात माथा गाठायचा, पलीकडे उतरायचं आणि टेकडीला वळसा घालून परत यायचं, हा रिवाज. पण वळसा लांबचा. डोक्यात वारं शिरलं की कोणीतरी त्याच माथ्यावरून उलटा येतो. खालून चढणाऱ्याला तर फक्त आभाळ दिसत असतं. समोरची गाडी दिसते ती अंगावर आल्यावर. फरज तसाच गेला.

काठीवरचा झेंडा गाडीच्या आधी माथ्यावर दिसतो. त्याचं काम एवढंच. पण झेंडा लावतात त्या पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या. वाळूत जन्मलेल्या पोराने झेंडा लावायचा म्हणजे दाढीमिशा आलेल्या गड्याने आईचं बोट धरून बाजारात जायचं, अशी इथली समजूत. असल्या दीडशहाण्यांच्या कानाखाली एकेक वाजवावी असं मला फार वाटतं. पण गिऱ्हाइकं माझीच आहेत, म्हणून गप्प बसतो.

त्या शुक्रवारी त्याचा धाकटा, मायेद, पॅट्रोल घेऊन आला होता. आता घरात तो एकच मुलगा.

"बाळा, एकच लाव. माझ्यासाठी लाव."

"बाबा, सगळे बघतायत."

"बघू देत. त्यांचं काय जातंय?"

"हमदच्या गाडीला आहे का झेंडा? मग मलाच का?"

हमद म्हणजे तो लँड क्रूझरवाला. तो काचेतून ओरडला, "लावा की त्याला, अबू फरज! आणि सोबत दुधाची बाटली पण द्या!"

सगळे खदखदून हसले. मायेदचे कान लाल झाले. त्याने बापाच्या हातातली काठी घेतली आणि खाली वाळूत टाकली. रागाने भिरकावलीही नाही, नुसती टाकली. मला ते जास्त लागलं.

अबू फरज पाठ फिरवून निघून गेला. मला वाटलं, गाडीत जाऊन बसला असेल.

जीप चढली, वळसा घालून परत आली. मग हमद गेला. त्याची गाडी घुमत वर सरकली, माथ्यावर जरा रेंगाळली आणि पलीकडे उतरली. मायेद लांब मागे गेला, धाव मिळावी म्हणून. वळशाच्या वाटेवर हमदची धूळ अजून दिसत नव्हती. "थांब रे, त्याला येऊ दे!" मी ओरडलो, पण इंजिनाच्या आवाजात माझं कोण ऐकतं.

तेवढ्यात टेकडीच्या कडेवर मला पांढरा पायघोळ कंदुरा दिसला. म्हातारा हातापायांवर रांगत चढत होता. माथ्यावर पोचला, उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले. मायेद निम्म्यावर आला होता. त्याला बाप दिसला, पाय उचलला गेला आणि गाडी आडवी होऊन वाळूत रुतली. त्याच क्षणी म्हाताऱ्याच्या पाठीमागून हमदच्या गाडीचं नाक वर आलं. हमदने चाक फिरवलं. गाडी म्हाताऱ्याच्या अंगाला वारा घालून गेली आणि कुशीवर कलून थांबली.

मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा अबू फरज गाडीतून उतरून वर आलेल्या मुलाची बाही धरून उभा होता.

"बघितलंस ना? तो कुठून आला, बघितलंस ना तू?"

"तुम्ही मला लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत!" मायेद किंचाळला. "तुम्ही मध्ये नसतात तर तो यायच्या आधी मी माथा पार केला असता!"

"आणि मी चुकवलाच असता त्याला," हमद म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, तरी म्हणाला.

अबू फरज एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला काही समजेना. इतक्या जवळून मरण गेलं आणि पोरं अजून गाड्यांचंच बोलत होती!

दोर लावून दोन्ही गाड्या ओढून काढल्या. मायेदने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. "चला रे, पलीकडच्या टेकडीवर," तो म्हणाला, "तिथे तरी म्हातारे नसतील." एकामागून एक गाड्या निघाल्या.

आम्ही दोघे माथ्यावरून बघत होतो. समोर टेकडीमागे टेकडी, नजर पोचेल तिथवर.

"तुझी गाडी आण," अबू फरज म्हणाला.

"पाय बघा तुमचे. सोलून निघालेत. अशा किती टेकड्यांवर उभे राहणार तुम्ही?"

"ते खालच्या वाटेने लांबून जातायत. आपण मधून घातली तर आधी पोचू. आण रे लवकर!"

माझी वाट न बघताच तो बसून घसरत खाली निघाला. मी खाली चटईवरचा पंप तसाच सोडून गाडीकडे पळालो.